आवक-जावक

कोइमतूरच्या ऊस-पैदास केंद्रात माझी नेमणूक झाली ती उसावरील किडींच्या निरीक्षणासाठी, आणि त्या हुद्द्याबरोबर ज्या नोंदवह्या माझ्या ताब्यात आल्या त्यांत खोडकिडीने होणाऱ्या पोंगेमरीचे शेकडा प्रमाण, प्रकाशसापळ्यात रात्रीतून सापडलेले पतंग, पायरीलाच्या अंड्यांचे पुंजके, पर्जन्य, आर्द्रता, किमान आणि कमाल तपमान अशा सर्व बाबींना स्वतंत्र रकाने आखलेले होते. परंतु जो कीटक उसावर बसत नाही, उसाचे एक पानही खात नाही, आणि शेताच्या एका बांधावरून येऊन दुसऱ्या बांधावरून निघून जातो, त्याच्यासाठी त्या वह्यांत ओळभरही जागा नव्हती. ह्यात कोणाचा दोष होता असे मी म्हणत नाही. १९१२ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे काम उसाच्या नव्या जाती निर्माण करण्याचे होते, आणि ते तिने किती निष्ठेने केले ह्याची साक्ष सातारा-कोल्हापूरकडचा कोणताही बागायतदार देईल. त्याच्या उसाची नावे, मग तो वडिलांच्या अमदानीतला को ४१९ असो की आजचा को ८६०३२ असो, कोइमतूरचेच आद्याक्षर मिरवीत असतात. मी स्वतः साताऱ्याकडचा, तेव्हा नोकरीनिमित्त एवढ्या दूर येऊन पडल्याचे मला जे थोडेबहुत समाधान होते ते ह्या अक्षराच्या नात्याचे होते.

चैत्र सरत आला, म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध लागला, की सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास, उन्हाला जरा ऊब येताच, पश्चिमेकडच्या बांधावरून गडद रंगाची फुलपाखरे एकामागून एक येऊ लागत, आणि फुलाकडे, पाटाच्या ओलीकडे, इतकेच काय परस्परांकडेही न वळता पूर्वेला चालती होत. फुलपाखरू म्हटले की जी स्वच्छंद, वाकडीतिकडी, क्षणोक्षणी बेत बदलणारी गती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते तिचा येथे मागमूस नसे. वाटेत इमारत आली तर तिला वळसा न घालता ते भिंतीला लागून वर चढे, छप्पर ओलांडी, आणि पलीकडे उतरून पुन्हा पूर्वीच्याच उंचीने, पूर्वीच्याच दिशेने पुढे जाई. काही दिवस हे चाले, मध्येच बंद पडे, पुन्हा सुरू होई, आणि मृगाच्या सुमारास अगदी विरळ होऊन थांबे. आश्विन-कार्तिकात तोच ओघ उलटा वाहू लागे, पूर्वेकडून पश्चिमेला. आमच्या वरिष्ठांना मी ह्या प्रकाराची नोंद ठेवण्याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी ह्या प्राण्यांचा पिकाला उपद्रव आहे काय एवढाच प्रश्न केला, आणि तो नाही असे कळल्यावर, दप्तराची कामे आटोपून आणि दप्तराचा कागद न खर्चता मला काय हवे ते मोजावे, अशी परवानगी दिली. मी बाजारातून लाल कापडी पाठीची एक खतावणी विकत आणली आणि तिच्या पहिल्या पानावर, कारकुनी सवयीने, 'आवक-जावक' असा मथळा घातला.

ह्या ओघाचे कारण समजून घ्यायचे तर कोइमतूरची जागा ध्यानात घ्यावी लागते. सह्याद्रीची भिंत उत्तरेकडून अखंड येत येत निलगिरीपाशी आपली मान खूप उंच वर काढते आणि मग एकाएकी तुटते. दक्षिणेला अनैमलईचे डोंगर सुरू होईपर्यंत मध्ये सुमारे तीस-चाळीस किलोमीटर रुंदीचे जे खिंडार राहते ती पालघाटची खिंड, आणि तिच्या पूर्वेकडील तोंडापाशी कोइमतूर वसलेले आहे. खिंडीच्या पलीकडे केरळात सरासरीने १ जूनला नैर्ऋत्य मोसमी पाऊस दाखल होतो आणि पुढचे तीन-चार महिने पश्चिम उताराला उसंत देत नाही. खिंडीच्या अलीकडे मात्र त्या पावसाचा वाराच तेवढा येतो, धूळ उडवीत आणि ऊस लोळवीत, आणि खरा पाऊस पडतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ईशान्येकडून. एकाच पर्वताच्या दोन अंगांना असे दोन निराळे पावसाळे लाभल्यामुळे, ज्याला पंख आहेत आणि ज्याला अतिवृष्टी सोसत नाही, त्याच्यापुढे वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलविण्याची सोय निसर्गाने करून ठेवलेली आहे. पावसाच्या आधी पश्चिमेकडील दऱ्या सोडून मैदानात आणि पूर्वेकडील शेवरॉय, कोल्ली, पचमलईसारख्या डोंगरांत जावे, वळवाच्या सरींनी वेलींना फुटलेल्या कोवळ्या पानांवर अंडी घालावी, आणि तेथे वाढलेल्या पिढीने पश्चिमेचा पाऊस ओसरल्यावर सह्याद्रीच्या छायेत परतावे, असा हा क्रम अभ्यासकांनी लावलेला आहे. म्हणजे वैशाखात माझ्या बांधावरून जे गेले ते कार्तिकात परतत नसे. परतत असे ती त्याची संतती, आणि तिने सह्याद्री त्यापूर्वी कधी पाहिलेला नसे.

ह्या प्रवाशांत प्रामुख्याने चार जाती असत: ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो. पहिल्या दोघांचे पंख काळपट असून त्यांवर फिकट निळ्या रेषा आणि ठिपके असतात. दुसऱ्या जातीत ही निळाई अरुंद आणि भोवतीचा काळा रंग अधिक. क्रो नावाची दोन्ही फुलपाखरे तपकिरी-काळी, कडेला पांढऱ्या ठिपक्यांची झालर असलेली. चौघांचेही गोत्र एकच, रुई-कण्हेरीच्या जातीच्या चिकाळ वनस्पतींवर पोसलेले. ब्लू टायगरची अळी हिरणदोडीच्या वेलीवर वाढते, कॉमन क्रोची कण्हेरीवर, उपळसरीवर, वड-उंबरावरही, आणि त्या चिकातले विष अंगी भिनल्यामुळे पक्षी सहसा ह्यांच्या वाटेला जात नाहीत. उडताना ह्या चौघांची निश्चित ओळख पटविणे मला शेवटपर्यंत जमले असे मी म्हणणार नाही, आणि जे लोक पळत्या फुलपाखराकडे बोट दाखवून त्याचे संपूर्ण लॅटिन नाव सांगतात त्यांच्याविषयी मला आदरापेक्षा किंचित संशयच अधिक वाटत आला आहे.

मोजण्याची रीत मी साधी ठेवली. प्रक्षेत्राच्या उत्तर टोकाला रस्त्यालगत विजेचा एक खांब होता आणि त्याच्या नेमका दक्षिणेला विहिरीवरच्या पंपाची खोली होती. ह्या दोहोंमध्ये एक रेषा कल्पून, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे, तिला पश्चिमेकडून पूर्वेला ओलांडणारी फुलपाखरे एका रकान्यात आणि उलट ओलांडणारी दुसऱ्या रकान्यात मांडावयाची, शेजारी वाऱ्याची दिशा, ढगांचे प्रमाण आणि घड्याळातली वेळ लिहावयाची. उलट जाणारांचा रकाना हा ह्या पद्धतीचा प्राण होय, कारण बागेत हिंडणारी फुलपाखरे रेषा दोन्हीकडून सारखीच ओलांडतात, आणि दोन रकान्यांतील तफावत जेव्हा डोळ्यांत भरण्याइतकी होते तेव्हाच स्थलांतर हा शब्द वापरण्याचा अधिकार निरीक्षकाला प्राप्त होतो. माझ्या मदतीला मजुरांच्या टोळीचा एक वयस्क मेस्त्री असे. त्याला अक्षरओळख बेताची होती, परंतु लागवडीच्या वेळी उसाच्या टिपऱ्या पाच-पाचच्या हिशेबाने मोजण्याची उभ्या जन्माची सवय असल्यामुळे त्याची नजर ओघातल्या फुलपाखरांचेही पाच-पाचचे गट पाडी आणि दर शंभराला तो एक खडा कमरेच्या पंचात टाकी. मी एक-एक मोजत असे आणि ओघ दाटला की मागे पडे. शेवटी मी फक्त घड्याळ आणि होकायंत्र पाहावे आणि आकडा त्याने सांगावा, अशी वाटणी आपोआप ठरली.

एकदा काम संपल्यावर खडे परत बांधावर ओतता ओतता त्याने विचारले, "सार, सरकारला ही माहिती कशाला लागते?"

"सरकारला लागत नाही, अय्या. मला लागते."

"मग बरोबर मोजली पाहिजेत," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

वाऱ्याचा रकाना मी केवळ नेमस्तपणा म्हणून ठेवला होता. परंतु काही हंगाम उलटल्यावर वह्या चाळताना त्याच रकान्याने मला सर्वांत अधिक कोड्यात टाकले. वारा समोरून असे त्या दिवशी फुलपाखरे कमरेएवढ्या उंचीने, कुंपणाच्या आडोशाने, उसाच्या सऱ्यांमधून वाट काढीत जात आणि आकडे भरघोस येत. उलट वारा पाठीवरचा, आकाश निरभ्र, ऊन कोवळे, म्हणजे प्रवासाला सर्वतोपरी अनुकूल असा दिवस उगवला की रेषेवरून जेमतेम काही चुकार जीव जात. हे विपरीत का घडावे ह्याचा उलगडा असा होता, की कीटकाला आपल्या बळावर वाऱ्याविरुद्ध जाता येते ते फक्त जमिनीलगतच्या मंद थरात. तेथून वर गेले की वाराच मालक. म्हणून प्रतिकूल वाऱ्यात तो खाली राहतो, आणि अनुकूल वारा मिळताच वर चढून त्याच्या स्वाधीन होतो, इतका वर की खालच्या माणसाला तो दिसूही नये. सारांश, ज्या दिवशी माझ्या वहीत थोडे होते त्या दिवशी कदाचित माझ्या डोक्यावरून सर्वाधिक जात होते, आणि मी मोजीत होतो ते स्थलांतर नसून स्थलांतराला त्या दिवशी सोसावा लागलेला अडथळा होता. पुढे युरोपातील पेंटेड लेडी ह्या फुलपाखरासंबंधी असेच काही सिद्ध झाल्याचे वाचनात आले. वसंतात आफ्रिकेकडून उत्तरेला येणारे हे फुलपाखरू शरद ऋतूत परत जाताना फारसे दिसत नसे, आणि म्हणून ते परत जातच नाही, उत्तरेच्या थंडीत नाहीसे होते, असा समज पक्का झाला होता. २००९ साली त्याचा प्रचंड लोंढा आला तेव्हा हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदी आणि कीटक टिपणारे रडार ह्यांची सांगड घातल्यावर असे आढळले, की ते परत जाते, मात्र सरासरी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून. एवढी वर्षे माणसे खाली उभी होती आणि वरचा रस्ता वाहत होता.

ही झाली उडत्या फुलपाखरांची हकिकत. हातात घेतलेल्या फुलपाखराची गोष्ट निराळी, आणि माझ्या आवडीची. ऊस लावण्यापूर्वी जमिनीला हिरवळीचे खत मिळावे म्हणून आम्ही तागाचे पीक घेत असू, आणि फुलोऱ्यावर आलेला ताग कापून गाडण्याआधी एक-दोन दिवस शेतात तसाच पडून राही. परतीच्या हंगामात हा ताग सुकू लागला की, कोणत्याही फुलावर न थांबणारी ती मंडळी अचानक वाट सोडून खाली उतरत. जवळ जाऊन, गुडघे टेकून पाहिले म्हणजे ध्यानात येई की ती मध शोधीतच नसत. फुलपाखरू सुकलेल्या देठाला चारी पायांनी घट्ट धरून उभे राही, पायांच्या नख्यांनी पानाची साल खरवडी, आणि मग घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडून तिचे टोक त्या ओरखड्यावर पुनःपुन्हा टेकवी. मध्येच सोंडेतून द्रवाचा थेंब पडे, पान ओले होई, आणि तोच ओलावा ते परत शोषून घेई. बोटाने पंख ढकलला तरी हलत नसे. ह्या झुडपांत एका जातीचे अल्कलॉइड असते, गुराढोरांच्या यकृताला ते अपायकारक, परंतु ह्या फुलपाखरांच्या नराला ते अगत्याचे, कारण मादीला वश करण्याचा गंध तो त्यापासून तयार करतो, आणि ह्या कुळातल्या काही जातींत समागमाच्या वेळी तो त्याचा वाटा मादीलाही देतो, जेणेकरून तिची अंडी शत्रूंपासून सुरक्षित राहावीत. तागावर उतरलेल्यांत बहुसंख्य नर असत हे त्यामुळे स्वाभाविकच होते. टायगरचा नर ओळखणे सोपे; त्याच्या मागच्या पंखाच्या खालच्या अंगावर एक लहानसा फुगीर कप्पा असतो, तो पाहिला की रकान्यात खूण करून त्याला सोडावे.

क्रो मात्र पंचनाम्याला सहजासहजी वश होत नसे. जाळ्यातून काढून छातीशी दोन बोटांत धरले की तो शरीराच्या टोकातून पिवळ्याधमक केसांचे दोन झुबके बाहेर काढी, त्याबरोबर उग्र वास सुटे, आणि एवढ्याने भागले नाही तर तो चक्क मरे. पाय आखडलेले, पंख मिटलेले, तळहातावर ठेवला तर कलंडून पडलेला. मेस्त्रीने पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा आपल्या हातून जीव गेला म्हणून तो बापडा हळहळला. त्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत मृत फुलपाखरू हातावरून उठले आणि, हे मला विशेष वाटले, गोंधळून इकडेतिकडे न जाता नीट पश्चिमेलाच निघून गेले.

हिवाळ्यात ही मंडळी कोठे विसावतात ते पाहण्यासाठी मी सुट्टी मिळेल तेव्हा मेट्टुपाळयमहून कल्लारला जात असे. १८९९ साली कुन्नूरपर्यंत सुरू झालेल्या निलगिरीच्या रेल्वेला कल्लारपासून दात्यांच्या रुळाचा आधार घ्यावा लागतो, इतका तेथे घाट चढतो. आणि त्या चढाच्या पायथ्याशी, सुपारीच्या बागांच्या मागे, ओढ्याकाठी दाट सावलीची जागा आहे. पौष-माघात तेथल्या वाळक्या वेलींवर फुलपाखरे पंख मिटून अशी गर्दी करून लटकत की वेल वाळकी आहे हे दिसू नये. ऊन सरकत सरकत ज्या फांदीवर येई तेवढीच फांदी जागी होई, शेजारची झोपलेली राही. त्या काळात माद्यांच्या पोटात अंडी धरलेली नसतात. वंशवृद्धीचे काम तहकूब ठेवून चरबीवर दिवस काढण्याचा तो हंगाम. रानात ह्यापलीकडे मी काही केले नाही. मोजणीचा प्रयत्नही केला नाही, कारण जेथे रेषा ओलांडली जात नाही तेथे माझी रीत लागू पडत नव्हती.

आता सांगावयाचे ते असे की, हे सर्व पाहूनही मी स्थलांतर पाहिले असे मला म्हणता येत नाही, आणि ते कोणीच पाहिलेले नाही. मी पाहिली ती खांबापासून पंपाच्या खोलीपर्यंतची रेषा. ती ओलांडणाऱ्याचे मूळ कोणत्या दरीत आणि मुक्काम कोणत्या डोंगरावर, हे त्या रेषेवर उभे राहून आमरण मोजले तरी कळण्यासारखे नव्हते. कळण्याचा मार्ग एकच, की ठिकठिकाणच्या माणसांनी आपापल्या रेषेवर उभे राहावे, तारीख, वेळ, दिशा आणि वारा लिहावा, आणि त्या नोंदींची कोणीतरी जुळवणी करावी. सी. बी. विल्यम्स ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १९३० साली फुलपाखरांच्या स्थलांतरावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याची सामग्री पुष्कळशी अशीच, दुसऱ्यांच्या पत्रांतून आणि टिपणांतून गोळा झालेली होती. जहाजावरचे अधिकारी, मळेवाले, पाद्री, शिक्षक ह्यांनी, बहुधा आपण शास्त्राला काही देत आहोत ह्याची जाणीवही नसताना, लिहून ठेवलेले चार-चार शब्द. आमच्याकडे हे काम १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलाने पिढ्यान्‌पिढ्या केले. त्याच जर्नलात २००५ साली कृष्णमेघ कुंटे ह्यांचा दक्षिण भारतातील ह्या स्थलांतरांवरील लेख आला, ज्यात जातींचे प्रमाण, नर-मादींचे गुणोत्तर आणि जाण्यायेण्याच्या दिशा ह्यांची व्यवस्थित मांडणी होती. मदुमलईच्या रानातील वास्तव्यावर 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे पुस्तक लिहिणारे ते हेच, त्यामुळे मराठी वाचकाला त्यांची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. तो लेख मी सलग दोनदा वाचला. माझी रेषा त्या नकाशात कोठे पडते ते पेन्सिलीने ताडून पाहिले, आणि दिशा जुळल्या तेव्हा मला जो आनंद झाला तो, ताळेबंद एका पैचाही फरक न येता मिळाल्यावर हिशेबनिसाला होतो, त्या जातीचा होता.

उत्तर अमेरिकेत हा प्रश्न चिठ्ठ्या चिकटवून सोडविला गेला. फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा ह्यांनी कित्येक दशके मोनार्क फुलपाखरांच्या पंखांना कागदी खुणा लावल्या आणि शेकडो स्वयंसेवकांकडून लावविल्या, तेव्हा कोठे १९७५ च्या जानेवारीत मेक्सिकोतील मिचोआकान प्रांताच्या डोंगरावर त्यांचे हिवाळी ठाणे शास्त्रज्ञांना ज्ञात झाले, आणि पुढच्या वर्षी तेथेच मिनेसोटात खूण केलेले एक फुलपाखरू प्रत्यक्ष हाती लागले. त्या डोंगराखालच्या गावकऱ्यांना ती झाडे अर्थात आधीपासूनच ठाऊक होती, हे येथे सांगितले पाहिजे. कल्लारच्या सुपारीवाल्यांनाही माझ्या आधी ओढ्याकाठची जागा ठाऊक होतीच.

निवृत्तीच्या वेळी कार्यभार सोपविताना जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे सूक्ष्मदर्शक, जाळी, प्रकाशसापळे, लाकडी पेट्या असे एकेक मोजून दिले. खतावण्यांचा गठ्ठा टेबलावर होता, त्याचे काय करावे असे नव्या अधिकाऱ्याने विचारले. मूळ यादीत त्या नव्हत्या, म्हणून त्याने 'सदर वह्या सरकारी मालमत्ता नव्हेत' असा शेरा मारून त्या मला परत केल्या, आणि नंतर, शेऱ्याखालची शाई वाळण्याच्या आत, हंगाम सुरू झाला की उभे कोठे राहायचे ते दाखवाल काय, असेही विचारले. मेस्त्री तोवर काम सोडून गावी गेला होता. मी त्या तरुणाला खांब आणि पंपाची खोली दाखविली, पाच-पाचचे गट पाडण्याची रीत सांगितली, आणि वह्यांच्या नकला त्याच्याकडे ठेवून साताऱ्याला आलो.

इकडे सह्याद्रीतही श्रावण-भाद्रपदानंतर ब्लू टायगर दिसतात, खुळखुळ्याच्या झुडपावर चांगली गर्दी करतात. पण त्यांची येण्याजाण्याची दिशा एवढी ठसठशीत मला येथे आढळली नाही, आणि मी आता नेमाने उभाही राहत नाही. कोइमतूरहून पत्र येते, अलीकडे फोनवर आकडेच येतात, सोबत छायाचित्र असते. मागच्या खेपेला त्याने कळविले, की रस्ता रुंद करताना तो विजेचा खांब काढून पंधरा-वीस पावले पूर्वेला नेऊन रोवला आहे, तेव्हा जुने आणि नवे आकडे एकाच रकान्यात धरावेत काय. मी उत्तर पाठविले की धरू नयेत. जुन्या रेषेखाली दुहेरी रेघ मारावी, तारीख घालावी, खांब हलविल्याची नोंद शेऱ्यात करावी, आणि नव्या रेषेची मोजणी नव्या पानावर, पहिल्या आकड्यापासून सुरू करावी.